पाणी घ्या, गड उभा आहे

भरदुपारी दिवा लावायला सांगितला म्हणून अशी बघू नकोस, अतारा. पूर्वेचा वारा सुटला की आपल्या ओफेलवर असंच होतं. आभाळ पिवळं पडतं, समोरचा जैतुनांचा डोंगर दिसेनासा होतो आणि दातांखाली वाळू कचकचते. माझ्या डोळ्यांना आता दिव्याचा उपयोग नाही म्हणा. या उन्हाळ्यात होतं नव्हतं तेही गेलं. पण तुला लागणार आहे, म्हणून लाव. दारही ओढून घे.

सकाळी माठाच्या काठाकडे बघून तू विचारलंस, "सासूबाई, हे पांढरे डाग कसले?" मी म्हटलं, चुना लागला असेल. खोटं बोलले. तू परगावाहून या घरात सून म्हणून आलीस त्याला आठ महिने झाले. झऱ्याचं पाणी घरात आलं की आधी एक पेला मी तटाच्या भोकात ओतते, हे तू रोज बघतेस. तोंडावर हात धरून हसतेस, तेही मला ठाऊक आहे. हस बापडी. मीही तुझ्याएवढी असताना हसले होते, आणि हसून थांबले असते तर बरं होतं.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. बाबिलोनच्या फौजेने पाडलेला यरुशलेमचा तट शे-दीडशे वर्षं तसाच पडून होता. खिंडारातून आमच्या आज्याने शेळ्या नेल्या, बापाने नेल्या, आम्हीही नेल्या. मग पातशहाच्या राजधानीहून, शूशनहून, नवा सुभेदार आला आणि हुकूम सुटला, की ज्याचं घर, त्याच्या समोरचा तट त्याने बांधायचा. सोनार बांधायला लागले, अत्तरवाले लागले, पुरोहितसुद्धा बाह्या सरसावून लागले. आम्हा नथीनींच्या वाट्याला ओफेल आलं, कारण आमची घरं इथेच, मंदिराच्या पायथ्याशी, या उंचवट्यावर. देवाच्या घरचे पाणके आणि लाकूडफोडे आम्ही. देवाला वाहिलेले म्हणतात आम्हाला. म्हणजे कामाच्या वेळी देवाचे, आणि पंगतीच्या वेळी कोणाचेच नाही.

कामाचे नियम दोन. कमरेला तलवार असली पाहिजे हा एक, कारण शेजारच्या मुलखांना हा तट उभा राहायला नको होता. दुसरा असा, की शिंग वाजलं की हातातलं टाकायचं आणि जिथून आवाज आला तिथे धावायचं. शिंग अख्ख्या शहरात एकच होतं. ते फुंकणारा कोरे नावाचा माणूस सुभेदाराच्या पाठीमागे उभा असायचा. म्हणजे सुभेदार जिथे, शिंग तिथे. एवढ्या लांब तटावर एक माणूस कुठे कुठे पुरणार? आमच्या ओफेलवर ते शिंग एकदाही वाजलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, बाबा आणि आत्या. बाबांनी, बर्कोस त्यांचं नाव, चाळीस वर्षं मंदिराच्या हौदात पाणी भरलं. मग एके दिवशी चुना विझवताना तो उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. त्याच धांदलीत डाव्या हाताची करंगळी दगडाखाली सापडली, ती कायमची बाहेरच्या बाजूला वळलेली राहिली. जखमा भरल्यावर ते कामावर गेले तर दारातच कोणीतरी सांगितलं, आंधळ्या-लंगड्यांनी देवाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, तसा जुना नेम आहे. आत्या, मेहिदा, बाबांहून सात वर्षांनी मोठी आणि जन्माची लंगडी. तिने ते दार कधी ओलांडलंच नव्हतं. बाबा त्या दिवशी परत आले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं रे बर्कोसा. इतकी वर्षं मी एकटीच बाहेर बसत होते." आणि मग दोघं किती वेळ हसत होते. मला मात्र त्या दिवशी रडू आवरेना.

आमच्या घरासमोरचं खिंडार बत्तीस हातांचं होतं. ओफेलचा बाकीचा तट उभा राहिला, ते बत्तीस हात काही उभे राहीनात. दिवसा दोन थर रचायचे आणि सकाळी येऊन बघावं तर दगड खचलेले. पडलेले नव्हेत हं, खचलेले. पडलेला दगड उतारावर सापडतो. हे दगड सापडतच नसत.

तिथे पाया खणताना जुन्या भुयाराचं बुजलेलं तोंड उघडं पडलं होतं. गवंडी घाबरले. आम्हाला ती जागा लहानपणापासून माहीत होती. आत्या सांगायची, आपल्या लोकांच्याही आधी हा गड दुसऱ्यांचा होता. वेढा पडला तेव्हा वरच्या लोकांनी तटावरून ओरडून सांगितलं, आमचे आंधळे आणि लंगडेच तुम्हाला परतवतील. खालच्यांना वाटलं, थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. पाण्याच्या भुयाराचा पहारा खरोखरच आंधळ्या-लंगड्यांकडे होता. अंधारात आंधळ्यापेक्षा चांगला पहारेकरी कुठला आणायचा? पुढे गड दुसऱ्याच वाटेने पडला. भुयाराचं तोंड ढासळलं, आणि खाली पहाऱ्यावर होते त्यांची कोणाला आठवणच झाली नाही. खाली कुठेतरी झऱ्याचं पाणी वाहताना ऐकू येत होतं त्यांना, आणि ते तहानेने गेले.

"त्यांना कोणी सांगितलंच नाही ग, गड पडला म्हणून," आत्या म्हणायची. "पहारा बदललाच नाही."

म्हणून आपल्या पाणक्यांची रीत. दिवसाच्या पहिल्या पाण्यातला पहिला पेला त्या बुजलेल्या तोंडाशी ओतायचा आणि म्हणायचं, 'पाणी घ्या, गड उभा आहे.' तीन राजवटी गेल्या, गड जळला, लोक धरून नेले, परत आणले. आम्ही आपलं रोज तेच सांगत आलो.

आंधळे झाल्यापासून बाबांनी हे काम माझ्याकडे दिलं होतं. तट बांधायला सुरुवात झाली आणि मुकादम यशूबने पाण्यावर पहारा बसवला. सगळं पाणी चुन्याला आणि मातीला. तो मला म्हणाला, "पोरी, माणसांना प्यायला पुरत नाही आणि तू दगडांना पाजतेस?" सगळे हसले. मीही हसले. आणि ओतायचं सोडून दिलं. बाबा रोज विचारायचे, "ओतलंस ना ग, हमू?" आणि मी रोज हो म्हणायचे. चाळीस दिवस मी आंधळ्या बापाशी खोटं बोलले.

एलूल महिन्याची विशी उलटली होती. असाच वारा सुटला होता, अशीच पिवळी दुपार. मुकादम यशूब आला, खिंडाराशी उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "बर्कोस, उद्यापासून तटाची दोरी आत घेतोय. तुमच्या घरांच्या मागून. तिथे खडक पक्का आहे."

"मागून म्हणजे आम्ही तटाच्या बाहेर," बाबा म्हणाले.

"तात्पुरते."

"चार पिढ्या तात्पुरत्याच गेल्यात आमच्या, मुकादम."

"अहो, भिंत उभी राहत नाही त्याला मी काय करू? वेशींना दारं बसवायची आहेत. आणि आत्ता तुमची सगळी माणसं मला उत्तरेला हवीत. मेंढरांच्या वेशीपाशी शत्रू जमतोय अशी खबर आहे. सुभेदारही तिकडेच गेलेत."

"न्या. मी इथे बसतो."

यशूबने बाबांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "तुम्ही आंधळे, या लंगड्या. कोणाला अडवणार आहात तुम्ही?"

आत्याने कुबडी दगडावर आपटली. "मागे एकदा कोणीतरी हेच विचारलं होतं बरं का. खाली उतर आणि विचार त्यांना, काय उत्तर मिळालं ते."

तो निघून गेला. आमचे पुरुष गेले, बायका त्यांच्यासाठी पखाली घेऊन मागोमाग गेल्या. ओफेलवर वाऱ्याशिवाय आवाज राहिला नाही. मला वाटलं, आता बाबा घरात चला म्हणतील. ते उठले, चाचपडत दगडांच्या ढिगाशी गेले आणि म्हणाले, "तिघं मिळून एक थर होईल. हमू, माती कालवायला पाणी आण. उद्या दोरी टाकायला येतील तेव्हा त्यांना एक थर तरी ओलांडावा लागेल."

मी पखाल पाठीला लावली आणि गिहोनच्या झऱ्यावर गेले. रोजचंच काम ते. डोळे मिटूनही पायऱ्या उतरेन अशी ती वाट.

झऱ्यावर त्या दिवशी एकही बाई नव्हती. गुहेत थंडावा होता, बाहेर भट्टीसारखी हवा. पखाल भरली, तोंड बांधलं, आणि वर यायला वळले तेव्हा दरीत पलीकडे काहीतरी हललं. आधी वाटलं झुडपं. मग झुडपांनी मुंडाशी बांधलेली दिसली. तोंडावर फडकी घेतलेली माणसं, हातात भाले, एकामागे एक, खाली वाकून चालत होती. तीस तरी असतील. त्यांच्यापैकी एकाने हात वर करून दुसऱ्याला आमचं खिंडार दाखवलं. उत्तरेची खबर त्यांनीच पसरवली होती, हे मला त्या क्षणी समजलं.

मी धावत सुटले. भरलेली पखाल टाकून द्यायला हवी होती, पण पाणक्याच्या पोरीला पाणी टाकायचं सुचतच नाही बघ. चढावर निम्म्यात आले असेन, तेव्हा मागून आवाज आला. टक्... टक्... टक्. काठी टेकत कोणीतरी चढत होतं. मला वाटलं आत्या मला बघायला खाली आली. मी थांबले. मागे वाट रिकामी होती. वाळूचा लोट गेला, पुन्हा वाट दिसली, पुन्हा रिकामी.

टक्... टक्. आता डावीकडून. मग उजवीकडून, उतारावरून, जिथे वाटच नाही तिथून. एक काठी नव्हती ती. वाळूत ओल्या चुन्याचा आणि बंद विहिरीचा वास भरून राहिला होता. मी वर पोचले तेव्हा आत्या खिंडारात आपल्या जागेवर बसलेली होती. कुबडी मांडीवर आडवी.

"बाबा... माणसं येताहेत. भाले आहेत. तीसेक..."

"किती लांब?"

"झऱ्याच्या वर."

"तू उत्तरेला धाव," आत्या म्हणाली. "कोऱ्याला सांग, इकडे येऊन शिंग फुंक म्हणावं."

"मंदिराला वळसा घालून जायचं, आक्का," बाबा म्हणाले. "ती पोचेपर्यंत हे घराघरांतून शिरून शहरात पोचतील. आणि त्यांना बघितल्याशिवाय कोण येणार आपल्यासाठी?" मग मान वाकडी करून त्यांनी कान दिला. "हमू... तुझ्याबरोबर वर कोण आलंय?"

"कोणी नाही बाबा."

"काठ्या वाजताहेत."

बाबांचे पांढरे डोळे माझ्या दिशेने वळले. "पाणी ओतत होतीस ना रोज?"

तेव्हा मी रडले, अतारा. जे होतं ते सांगून टाकलं. चाळीस दिवस नाही ओतलं, बाबा. लोक हसले म्हणून नाही ओतलं. मला वाटलं ते मारतील. मारायलाच हवं होतं. ते एवढंच म्हणाले, "म्हणून भिंत खचते. आपण वर खणतोय, ठोकतोय, आणि आपण कोण ते खाली कोणी सांगितलंच नाही. त्यांनी पहारा केला, दुसरं काय केलं?"

"आता रडत बसू नका," आत्या ओरडली. "आणलंय ना पाणी? ओत!"

मी भुयाराच्या तोंडाशी गुडघे टेकले. पखालीची गाठ सुटेना. दोरी उजव्या अंगठ्याभोवती आवळली गेली, मी हिसडा दिला, आणि गाठीबरोबर अंगठ्याचं टोकही गेलं. तेव्हा दुखलंसुद्धा नाही. पेला नव्हता. सगळी पखाल मी त्या अंधारात उलटी केली, रक्तासकट, आणि ओरडले, "पाणी घ्या! गड उभा आहे!"

पाणी खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. तो आला नाही. आली ती घोटाची चाहूल... एक घोट, मग पुष्कळ घोट, घाईघाईचे, ठसका लागणारे. तहानलेली माणसं पितात तसे. मी मागे सरकले. आत्याने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"बाबा, चला ना..."

"थांब." बाबा खिंडाराच्या मधोमध उभे होते. त्यांच्या हातात नुसता कुदळीचा दांडा होता. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या डाव्या खांद्यावर हात कोणी ठेवलाय?"

तिथे कोणी नव्हतं. पण अंगरखा खांद्यावर दबलेला होता. मला दिसत होता. चार बोटं आणि अंगठा, एवढ्या जागी कापड खाली गेलेलं.

"थंड नाही ग हात," बाबा म्हणाले. "कोरडा आहे. फार कोरडा."

आंधळे ओळीने चालतात तेव्हा पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवतात, ठाऊक आहे ना? बाबांच्या मागे ओळ लागली होती. किती लांब ते मला दिसत नव्हतं, आणि देवाची शपथ, मला बघायचंही नव्हतं.

खालून दगड घरंगळले. ती माणसं उताराच्या शेवटच्या टप्प्यावर आली होती. त्यांच्यातला एक हसत म्हणाला, "वर कोण आहे रे? म्हातारा दिसतोय."

माझे बाबा आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. त्या दिवशी त्यांनी छाती भरून घेतली आणि ओरडले, "आंधळे आणि लंगडे! आहे हिंमत तर या वर!"

"या वर!" आत्या किंचाळली. एका पायावर उभी राहून तिने कुबडी उगारली होती. सत्तरीची बाई, पण काय दिसत होती! मीही उभी राहिले. हातात रिकामी पखाल, तीच धरून मी ओरडले, "या वर!"

आणि आमच्यामागून, पायाखालून, दोन्ही बाजूंच्या दगडांतून तेच शब्द आले. या वर. मोठ्याने नाही. कोरड पडलेल्या घशातून निघतात तसे. मग शिंग वाजलं.

भुयारातून वाजलं ते. जमीन थरथरली, ढिगावरचे दगड हलले. कोऱ्याच्या शिंगाचा आवाज पातळ होता. हा जाड, फाटका, थांबेचना. खालची माणसं जागच्या जागी उभी राहिली. पुढचा होता त्याचं फडकं तोंडावरून सुटलं होतं. तो आमच्याकडे बघत नव्हता, आमच्या वर, तटाच्या उंचीवर बघत होता. जिथे तटच नव्हता. त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश गेली, माणूस रांग बघतो तशी. मग त्याने भाला टाकला. त्यानंतर ते पळाले, पडले, एकमेकांना तुडवत दरीत उतरले.

आणि शिंग वाजत होतंच. नियम काय होता, सांगितलं ना? जिथून आवाज येईल तिथे धावायचं. सगळं शहर धावत आलं. सोनार, अत्तरवाले, पुरोहित, आमची माणसं, बायका, हातात तलवारी, थाप्या, जे असेल ते. ज्यांनी ओफेलची पायरी कधी चढली नव्हती ते धापा टाकत आमच्या दारात उभे. सगळ्यांत पुढे यशूब. ते पोचले आणि आवाज थांबला.

"कोणी फुंकलं?" यशूबने विचारलं.

सगळ्यांनी कोऱ्याकडे पाहिलं. त्याचं शिंग कमरेला बांधलेलं होतं. तो म्हणाला, "मी हात लावलेला नाही. शपथ घेतो. मीही आवाज ऐकूनच आलो."

उतारावर पडलेले भाले मी त्यांना दाखवले. दहा-बारा तरी होते. यशूबने त्यातला एक उचलून पाहिला. बाबा म्हणाले, "मुकादम, दोरी कुठून टाकताय?"

यशूबने खिंडाराकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. मग डोक्यावरचं फडकं काढून घाम पुसला आणि म्हणाला, "इथूनच." वळून त्याने हाक दिली, "बघता काय? दगड उचला!"

एवढे हात ओफेलला कधी लागले नव्हते. सोनारांनी माती कालवली, पुरोहितांनी पाणी वाहिलं, आमचं पाणी, आमच्या पखालींतून. मी तर कडेला बसून डोळे भरून बघून घेतलं. दिवस मावळायच्या आत ते बत्तीस हात पुरुषभर उंच झाले. भुयाराच्या तोंडावर दगड ठेवताना यशूब स्वतः पुढे आला आणि मुठीएवढं भोक राखून घेतलं. मला म्हणाला, "पेला मावेल ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे बघायला गेलो. एकही दगड हलला नव्हता. आजवर हललेला नाही.

इथपर्यंतची गोष्ट ओफेलवर सगळ्यांना ठाऊक आहे. आता पुढची ऐक, ती मी तुझ्या नवऱ्यालाही सांगितलेली नाही.

आत्या चार वर्षांनी गेली. बाबा अकरा वर्षं जगले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि सांगितलं, त्या दुपारी खांद्यावर हात ठेवणारा त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला होता. एकच प्रश्न विचारला होता त्याने. 'बदली आली का?'

"तुम्ही काय म्हणालात बाबा?"

"म्हटलं, येईन मी. जरा अवकाश दे." आणि ते हसले. "देवाच्या घरात नाही घेतलं ग मला. इथे घेताहेत, आणि तेही पहाऱ्यावर. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी वाईट वाटून घेतलं. अजून घेते. पण रोज पेला ओतला. एक दिवस चुकले नाही. तुझा नवरा जन्मला त्या दिवशीसुद्धा शेजारणीच्या खांद्यावर रेलून गेले आणि ओतला.

आता दिवा घे आणि माठापाशी जा. काल निजताना तो काठोकाठ भरलेला होता, झाकण होतं. सकाळी रिकामा होता. तू म्हणालीस तडा गेला असेल. तडा नाही. मी बोटांनी चाचपून बघितलंय. डाव्या बाजूचा डाग बघ. बोटांचे ठसे आहेत ना? करंगळी कशी आहे?

"बाहेर वळलेली आहे, सासूबाई..."

हं. ते बाबा. एवढ्या वर्षांनी घरी आले तरी हाक मारली नाही, हा स्वभावच त्यांचा. उजवीकडे दुसरा हात आहे. तो मला ओळखू आला, पण माझ्या बोटांवर माझा भरवसा बसेना, म्हणून तुला दिवा लावायला सांगितला. अंगठा बघ.

"टोक नाही... अंगठ्याला टोक नाही."

अशी हळू नको बोलूस, मला कमी ऐकू येतं.

"पण सासूबाई, तुम्ही तर सकाळपासून चुन्याला हातच लावलेला नाही."

नाही लावला. हे बघ माझे हात, कोरडे आहेत. ठसा वाळलाय का?

"नाही. ओलाच आहे अजून."

असू दे. बदलीची पाळी माझी, एवढंच. रडतेस कशाला? ज्यांना मला घाबरवायचं असेल त्यांनी दुसरं घर बघावं. आंधळी झाले तशी मंदिराच्या दारातून मला परत फिरवलं. मी त्या दारातच म्हटलं, ठेवा तुमचं दार, माझी जागा तटावर आहे. माठ धुऊ नकोस, नुसता भर. आणि उद्यापासून पहिला पेला तू ओतायचा. शब्द पाठ आहेत ना? एखाद दिवशी विसरलीस तर विसरले म्हण, अतारा. ओतला असं खोटं सांगू नकोस. मी खाली ऐकत असेन.